स्वस्त ऑफसेट स्मोकर: आधी आग, मग पत्रा

स्वस्तातला ऑफसेट स्मोकर घेतलेल्या माणसाची पहिली तक्रार बहुतेक एकच असते: चिकन काळं पडलं, चवीला कडू लागलं, आणि एका बाजूला करपलं तर दुसऱ्या बाजूला कच्चं राहिलं. मग सगळा दोष पत्र्यावर जातो. पातळ आहे, आच धरत नाही, पैसे वाया गेले. पत्रा पातळ असतो हे खरंच आहे. पण कडूपणा पत्र्यातून येत नाही, आगीतून येतो, आणि आग सुधारायला फारसा खर्च येत नाही. म्हणून आधी आगीबद्दल सविस्तर लिहितो. वेल्डिंग आणि गॅस्केट (फटी बुजवायची पट्टी) मागाहून.

यंत्र अगदी साधं आहे. एक आडवं पिंप, त्याच्या एका टोकाला थोडी खाली जोडलेली लहान पेटी, म्हणजे फायरबॉक्स, आणि दुसऱ्या टोकाला चिमणी. लाकूड पेटीत जळतं. तिथली गरम हवा आणि धूर पिंपातून आडवे वाहत जातात, वाटेत जाळीवरचं मांस सावकाश शिजवतात आणि चिमणीतून बाहेर पडतात. मांस आगीच्या वर नसतं, बाजूला असतं, म्हणून चरबी निखाऱ्यांवर ठिबकत नाही आणि ज्वाळा मांसाला चाटत नाहीत. टेक्ससमधले चांगले स्मोकर तेलाच्या धंद्यातल्या जाड पोलादी नळ्या आणि टाक्या कापून बनवलेले असतात. त्यांची भिंत ६ मिमी किंवा त्याहून जाड. आपल्याला परवडणाऱ्या स्मोकरचा पत्रा साधारण १ ते २ मिमी असतो. जाड पोलाद एकदा तापलं की उष्णता साठवून ठेवतं आणि आग थोडी कमीजास्त झाली तरी आतलं तापमान फारसं हलत नाही. पातळ पत्र्यात साठा नसतो, त्यामुळे आगीत जे घडतं ते पाच मिनिटांत जाळीवर दिसतं.

याची एक चांगली बाजू मात्र कुणी सांगत नाही. पातळ पत्रा उष्णता बाहेर टाकत राहतो, म्हणून तेच तापमान राखायला आग जरा मोठी आणि जिवंत ठेवावी लागते. स्मोकर फार बंदिस्त आणि उष्णता राखणारा असेल, तर तापमान वाढू नये म्हणून आपण आगीची हवा कोंडतो, आणि कोंडलेली आग घाण धूर देते. पातळ पत्र्यावर मेहनत जास्त पडते, पण धूर स्वच्छ ठेवणं तुलनेने सोपं जातं.

धूर कडू का होतो

लाकूड थेट जळत नाही. आधी त्यातलं पाणी उडून जातं. मग २०० ते ३०० अंश सेल्सियसच्या आसपास लाकडाचं विघटन सुरू होतं आणि त्यातून वायू व वाफा बाहेर पडतात. आपल्याला दिसणारी ज्वाळा म्हणजे हे वायू जळत असल्याची खूण. ते पूर्ण जळले तर मुख्यतः कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ उरते, सोबत थोडे सुगंधी अंश. पुरेशी हवा किंवा पुरेशी उष्णता मिळाली नाही, तर तेच वायू न जळता बाहेर पडतात, थंड होतात आणि डांबरासारख्या चिकट थेंबांत बदलतात. चिमणीतून निघणारे पांढरे, जाड लोट म्हणजे पाण्याच्या वाफेसोबत हेच थेंब. मांसावर बसले की जिभेला बधिर करणारा कडूपणा येतो. मसाला कितीही चांगला असला तरी हा कडूपणा झाकला जात नाही.

आपल्याला हवा असतो तो पातळ, निळसर, जेमतेम दिसणारा धूर. त्यातले कण इतके बारीक असतात की प्रकाशातला निळा भाग ते जास्त विखुरतात, म्हणून तो निळसर दिसतो. चिमणीच्या तोंडाशी कधीकधी नुसती तापलेली हवा थरथरताना दिसते, धूर दिसतच नाही. तेव्हाही काम चाललेलं असतं. लाकडाला कडकपणा देणाऱ्या लिग्निन या घटकाचे तुकडे होऊन ग्वायाकॉल आणि सिरिंगॉल यांसारखी संयुगं तयार होतात, आणि स्मोक केलेल्या मांसाचा ओळखीचा वास मुख्यतः त्यांचाच. ती थोडीशीच पुरतात. जास्त धूर म्हणजे जास्त चव, ही समजूत सोडली की अर्धं काम झालं.

गावाकडे ज्यांनी चूल पेटवली आहे त्यांना हे हाताला ठाऊक असतं. जळण पेटलं की डोळे शांत, धुमसलं की चुरचुरतात, आणि मग फुंकणी घेऊन हवा द्यावी लागते. स्मोकरमध्ये फुंकणीचं काम चिमणी करते.

चिमणीची ओढ

बाहेर ३० अंश आणि पिंपात १२० अंश असतील, तर आतली हवा बाहेरच्यापेक्षा जवळजवळ पाव हिश्शाने हलकी असते. ती वर निघते, तिच्या जागी फायरबॉक्सच्या तोंडातून नवी हवा ओढली जाते, आणि आगीला दम मिळतो. म्हणजे चिमणीचं झाकण मिटवलं तर आगीचा श्वासच कोंडतो. चिमणी कायम पूर्ण उघडी ठेवायची. ‘धूर आत कोंडला तर चव मुरेल’ म्हणून ती अर्धी मिटवणं हे कडू चिकनचं सर्वात मोठं कारण आहे.

ही ओढ आतल्या-बाहेरच्या तापमानातल्या फरकावर चालते, म्हणून पुण्यात ती ऋतूप्रमाणे बदलते. जानेवारीतल्या पहाटे १२ अंश असताना आत १२० अंश ठेवले, तर मे महिन्यातल्या ४० अंशांच्या दुपारपेक्षा चिमणीची ओढ जवळजवळ दीडपट भरते. थंडीत आग आपोआप रसरशीत जळते. मेमध्ये तीच आग मंदावते आणि फायरबॉक्सचं दार बोटभर उघडं ठेवावं लागतं. उन्हाळ्यात स्मोकर बिघडल्यासारखा वाटला तर आधी हे आठवावं. शक्य असेल तर सकाळी सहाला पेटवावा, त्यात जेवणही वेळेवर होतं.

वाऱ्याचंही तसंच. वारा थेट फायरबॉक्सच्या तोंडावर आला तर आग भडकते आणि चिमणीच्या बाजूने आला तर धूर उलटा फिरतो. उंच इमारतीच्या गच्चीवर कठड्याच्या आडोशाला स्मोकर थोडा वळवून लावला की दोन्ही त्रास कमी होतात.

पुण्यात लाकूड कुठलं घ्यायचं

अमेरिकेतल्या पाककृतींमध्ये ओक आणि हिकरी असतात. आपल्याकडे त्यांची उणीव भासण्याचं कारण नाही. पेरूचं लाकूड मला सगळ्यांत आवडतं: घट्ट, सौम्य वासाचं, मांसावर छान तांबूस रंग आणणारं. आंबा सहज मिळतो, हलका असतो, लवकर पेटतो आणि चिकनला शोभतो. बाभूळ जड आणि कडक, निखारे टिकाऊ, आच जबरदस्त. नुसत्या बाभळीवर मटण जरा उग्र होऊ शकतं, म्हणून निखाऱ्यासाठी बाभूळ आणि वासासाठी पेरू किंवा चिकू असा मेळ घालावा. चिंचही चांगली जळते, फक्त फोडायला कष्ट पडतात.

काही लाकडं अजिबात नकोत. कण्हेर विषारी आहे, तिची काडीसुद्धा आगीत जाता कामा नये. बागेच्या छाटणीचा ढीग कुणी फुकट दिला तर त्यात कण्हेर नाही ना हे नीट पाहावं. निलगिरीत तेल असतं, देवदार आणि पाइनमध्ये राळ, दोन्हींची काजळी बसते. प्लायवूड, एमडीएफ, रंगवलेलं फर्निचर आणि मालाच्या पेट्यांचं लाकूड यांत डिंक, रंग किंवा कीडनाशकं असतात. तेही नको. कोळसा घ्यायचा तो लाकडी, दगडी कोळशाला स्वयंपाकाच्या आगीत जागा नाही.

जातीपेक्षा महत्त्वाचा आहे तो सुकेपणा. ताज्या तोडलेल्या लाकडाचं जवळजवळ निम्मं वजन पाण्याचं असू शकतं. हे पाणी उडवण्यातच आगीची ताकद जाते, पेटी थंड पडते आणि वायू न जळता निघून जातात. लाकडात १५ ते २० टक्के ओल राहिली की ते स्मोकरसाठी योग्य. ओल मोजायचं लहान यंत्र मिळतं, पण त्याच्यावाचूनही कळतं: सुकलेल्या तुकड्यांच्या टोकांना भेगा पडतात, साल सुटते, दोन तुकडे एकमेकांवर आपटले की टणक आवाज येतो. आगीत टाकल्यावर टोकातून फेस आला आणि चर्र आवाज झाला, तर ते ओलं आहे. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटच्या बाजूला किंवा आपल्या जवळच्या जळाऊ लाकडाच्या वखारीत गेलात तर नुसतं ‘लाकूड द्या’ म्हणू नका. ‘मामा, मागच्या उन्हाळ्यातली, फोडलेली बाभूळ आहे का?’ असं विचारा. वखारवाल्याला फरक चांगला कळतो, पण बहुतेक गिऱ्हाइकाला कळत नसल्यामुळे तो वरचीच गंजी दाखवतो.

आणलेलं लाकूड २५ ते ३० सेमी लांब आणि ४ ते ५ सेमी जाड असं फोडून घ्यावं. महाग स्मोकरमध्ये चालतात तसे जाड ओंडके लहान पेटीत धुमसत बसतात. मार्च ते मे पुण्याची हवा कोरडी असते. फोडलेलं लाकूड उन्हात, जमिनीपासून वर, हवा खेळेल असं रचलं तर एक उन्हाळा पुरतो. जून लागायच्या आत ते छपराखाली गेलं पाहिजे. लाकडाच्या ढलप्या पाण्यात भिजवून टाकायचा सल्ला सर्रास दिला जातो. तो ऐकू नये. भिजलेल्या ढलप्यांतून आधी वाफ निघते आणि मग तोच पांढरा धूर.

आग चालवण्याचा एक तास

आता प्रत्यक्ष काम. सुरुवातीला दीड-दोन किलो लाकडी कोळसा पेटवायचा. त्यासाठी चिमणी स्टार्टर, म्हणजे कोळसा पेटवायचं उभं नळकांडं, मिळतं. नसेल तर बुडाशी भोकं पाडलेला जाड लोखंडी डबा चालतो, खाली तेलात बुडवलेला कागद. रॉकेल किंवा पेट्रोल वापरायचं नाही, वास अन्नात उतरतो आणि धोका वेगळाच. कोळशावर राखाडी थर आला की निखारे फायरबॉक्समध्ये ओतायचे, दार आणि चिमणी पूर्ण उघडी, आणि त्यावर पहिली दोन लाकडं.

पुढची पाच मिनिटं पांढरा धूर निघेल. निघू द्या, मांस अजून आत गेलेलं नाही. लाकडं पूर्ण पेटली, धूर विरळ झाला आणि जाळीवरचं तापमान १२० ते १३५ अंशांवर आलं की मगच मांस ठेवायचं. त्याच वेळी पुढची दोन लाकडं फायरबॉक्सच्या झाकणावर ठेवून द्यायची. तिथे ती तापतात, उरलीसुरली ओल जाते, आणि आत टाकल्यावर मिनिटाभरात पेट घेतात. या एका सवयीने धुरात जेवढा फरक पडतो तेवढा कुठल्याही विकतच्या जोडसामानाने पडत नाही.

मग बघत राहायचं. ज्वाळा बसत आली आणि तापमान पाच-सात अंश उतरलं की एक लाकूड टाकायचं, निखाऱ्यांच्या मधोमध, आधीच्या लाकडाला चिकटून नाही, जरा अंतर ठेवून. दोन मिनिटांत ज्वाळा दिसली नाही तर फायरबॉक्सचं दार आणखी उघडायचं. पातळ पत्र्याच्या स्मोकरमध्ये हे दर अर्ध्या-पाऊण तासाने करावं लागतं, यात पळवाट नाही. लाकूड टाकून सिनेमा बघायला जायचं असेल तर हा स्मोकर तुमच्यासाठी नाही. ज्यांना आगीपाशी बसायला आवडतं त्यांना मात्र हाच भाग सगळ्यांत सुखाचा वाटतो.

तापमान चढलं म्हणून हवा बंद करू नका. पुढचं लाकूड लहान टाका किंवा थोडं उशिरा टाका. हवेने नाही, जळणाच्या आकाराने आच सांभाळायची. फारच चढलं, १६० च्या वर गेलं, तर पिंपाचं झाकण दोन मिनिटं उघडावं.

तापमान कुठे मोजायचं

स्वस्त स्मोकरच्या झाकणावर बसवलेली तबकडी सहसा विश्वासाची नसते. ती मांसापेक्षा वीसेक सेमी वर असते, तिथली हवा वेगळी आणि तबकडीही हलक्या प्रतीची. पैसे खर्च करायचेच असतील तर पहिला खर्च दोन सुया असलेल्या डिजिटल थर्मामीटरवर करा. एक सुई जाळीवर, मांसापासून तीन-चार बोटं दूर. दुसरी मांसाच्या सर्वांत जाड भागात, हाडाला न टेकता. थर्मामीटर तपासायला बर्फाचं पाणी आणि उकळतं पाणी पुरतं. फक्त पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचावर आहे, इथे पाणी ९८ अंशांच्या जवळपास उकळतं. १०० दिसले नाहीत म्हणून चांगलं थर्मामीटर परत करू नका.

दुसरी तपासणी पावाच्या स्लाइसची. साधी ब्रेडची लादी आणायची, स्मोकर १७५ अंशांपर्यंत तापवायचा आणि स्लाइस जाळीभर एकशेजारी एक मांडायच्या. झाकण लावून दहा-बारा मिनिटांनी उघडायचं. फायरबॉक्सकडची रांग काळी, मधल्या सोनेरी, चिमणीकडच्या कोपऱ्यातल्या नुसत्या कोमट, असं काहीसं चित्र दिसतं. कधी मागच्या भिंतीलगत एक गडद पट्टा निघतो, कधी चिमणीच्या अगदी खाली. फोटो काढून ठेवा. तुमच्या स्मोकरचा हा नकाशा आहे. चिकनच्या तंगड्या कुठे, मटण कुठे, वांगी कुठे, हे यापुढे त्यावरून ठरवायचं.

मग दुरुस्त्या, महत्त्वाच्या क्रमाने

पहिली दुरुस्ती फायरबॉक्सच्या आत. बऱ्याच स्वस्त पेट्यांत निखाऱ्यांची जाळी तळाला जवळजवळ टेकलेली असते. तासाभरात खाली राख साचते, हवेचा रस्ता बंद होतो आणि आग धुमसायला लागते. शेजारच्या फॅब्रिकेटरकडून १० मिमी सळईची एक टोपली करून घ्या, तिला ७-८ सेमी उंचीचे पाय. निखारे एकत्र गोळा राहतात, खालून हवा मिळते. तासाभराचं काम आहे. सांगताना एवढं मात्र स्पष्ट सांगा: ‘दादा, काळं लोखंडच वापरा, जीआय नको.’ गॅल्व्हनाइज्ड पत्र्यावर जस्ताचा थर असतो, आणि आगीत त्याचा घातक धूर होतो. त्याच कारणाने कुठल्याही जुन्या बादलीचा पत्रा फायरबॉक्सच्या आत लावायचा नाही. बुधवारी-रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात जाड तवे, सळया, बिडाचे तुकडे मिळतात, ते रंग नसलेले बघून घ्यावेत.

दुसरी दुरुस्ती आडपत्र्याची. फायरबॉक्समधून पिंपात येणाऱ्या भोकातून आच सरळ वर उसळते आणि पहिल्या पाव भागातलं मांस करपवते. त्या भोकासमोर खाली झुकलेला एक पत्रा लावला, की आच जाळीच्या खालून पुढे जाते. वेल्डिंग करायचं नसेल तर जुना लोखंडी तवा तिरका टेकवून ठेवा. मग पुन्हा ब्रेडची तपासणी करा. फरक डोळ्यांनी दिसतो. त्याच जागी पाण्याचा उथळ ट्रे ठेवला तर आणखी बरं: पाणी ९८ अंशांच्या वर जात नाही, त्यामुळे ते आचेचे चढउतार पचवतं, आणि हवाही दमट राहते. जाळीखाली दोन-तीन कोरड्या विटा फॉइलमध्ये गुंडाळून ठेवल्या की पातळ पत्र्याला नसलेला उष्णतेचा साठाही थोडाफार मिळतो. विटा कोरड्याच हव्यात. ओली वीट किंवा नदीतला गोटा तापल्यावर फुटू शकतो.

गळती बुजवणं तिसरं. पिंपाच्या झाकणाच्या कडेने धूर निघत असेल तर चिमणीपर्यंत तो पोचतच नाही, आणि लांबच्या टोकाचं मांस थंड राहतं. उष्णतारोधक गॅस्केटची पट्टी झाकणाच्या कडेला चिकटवली की हे थांबतं. पट्टी नसेल तर झाकणाला दोन क्लॅम्प लावूनही बराच फरक पडतो. फायरबॉक्सच्या भेगांची मला फारशी चिंता वाटत नाही. तिथून आत जाते ती हवाच, आणि हवा आपल्याला हवीच आहे.

चिमणीला आतून नळी जोडून जाळीच्या उंचीवर आणण्याची सुधारणा लोकप्रिय आहे. वरच्या बाजूने पळून जाणारी आच त्यामुळे खाली वळते. पण नळी अरुंद बसली तर ओढ कमी होते. आधीच्या तीन गोष्टी झाल्यावरही लांबचं टोक थंड राहत असेल, तरच तिच्या मागे लागावं.

काय शिजवायचं

सुरुवात चिकनच्या अख्ख्या तंगड्यांनी करा. मांडीचं मांस थोडं जास्त शिजलं तरी कोरडं होत नाही. वजनाच्या सव्वा ते दीड टक्का मीठ, म्हणजे किलोला १२-१५ ग्रॅम, आदल्या रात्री चोळून फ्रिजमध्ये उघडं ठेवा. कांदा-लसूण मसाला किंवा काळा मसाला आधीच भाजलेला असल्याने या आचेवर जळत नाही आणि धुराशी त्याचं छान जमतं. दह्याचं मॅरिनेशन असेल तर वरचं दही पुसून काढा, नाहीतर रंग चढत नाही. चिकन १३५ ते १५० अंशांवर करावं, ११० वर त्याची कातडी रबरासारखी राहते. आतलं तापमान किमान ७४ अंश, तंगडीसाठी ८० ते ८५ जास्त चांगलं. दीड ते दोन तास लागतात.

खरी परीक्षा मटणाची. महाराष्ट्रात २०१५ पासून गाईबरोबर बैलांच्या कत्तलीवरही बंदी आहे, त्यामुळे टेक्ससचं ब्रिस्केट, म्हणजे गाय-बैलाच्या छातीचा मोठा तुकडा, इथे त्याच रूपात होत नाही. आणि व्हिडिओंमध्ये दिसणारी बारा-चौदा तासांची पद्धत चरबीने भरलेल्या त्या मोठ्या तुकड्यासाठीच आखलेली आहे. बोकडाच्या मटणात चरबी कमी, तुकडा लहान. तसंच्या तसं केलं तर लाकडासारखं कोरडं मटण हाती येतं. खाटकाकडून खांद्यासकट पुढचा अख्खा पाय घ्या, दीड-दोन किलोचा, वरची चरबी न काढता. ‘भाऊ, तुकडे करू नका, अख्खा द्या’ हे दोनदा सांगावं लागतं, कारण सवयीने सुरा चालतो. कॅम्पातल्या शिवाजी मार्केटमध्ये अख्खे भाग मागणारी गिऱ्हाइकं येतात, तिथे हे सोपं जातं. पोर्क खाणाऱ्यांना खांद्याचा तुकडाही तिथे मिळू शकतो, आणि स्वस्त स्मोकरवर पोर्कचा खांदा हा सगळ्यांत क्षमाशील पदार्थ आहे.

मटण १२० अंशांवर ठेवलं की दोन-तीन तास आतलं तापमान नीट चढतं. मग ६५ ते ७० च्या आसपास ते थांबतं, कधीकधी तास-दीड तास हलतच नाही. इथे लोक घाबरून आग वाढवतात. कारण सोपं आहे: मांसाच्या पृष्ठभागावरून पाणी उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं, माठातलं पाणी ज्या नियमाने गार होतं त्याच नियमाने. आत येणारी आणि बाहेर जाणारी उष्णता सारखी झाली की काटा थांबतो. ग्रेग ब्लोंडर या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाने प्रयोग करून हे दाखवलं आहे. उपाय म्हणजे मांस फॉइलमध्ये घट्ट गुंडाळणं. बोकडाच्या मटणाला मी या टप्प्यावर गुंडाळतोच, आत अर्धी वाटी मटणाचं पाणी आणि थोडं तूप घालून. तोवर धुराचा वास पुरेसा लागलेला असतो आणि वरचा रंग तांबूस-काळा झालेला असतो.

गुंडाळल्यावर तापमान पुन्हा चढतं आणि आता मांसातलं कोलॅजेन, म्हणजे स्नायू बांधून ठेवणारं चिवट प्रथिन, हळूहळू विरघळून जिलेटिन होतं. मटण मऊ होतं ते यामुळे, आणि त्याला वेळच लागतो, नुसतं तापमान गाठून भागत नाही. ९२ ते ९५ अंशांच्या दरम्यान सुई मांसात लोण्यात गेल्यासारखी गेली पाहिजे. अडली तर आणखी अर्धा तास. एकूण पाच ते सहा तास, जून बोकड असेल तर सात. मग फॉइलसकट जाड टॉवेलात गुंडाळून मोठ्या कॅसरोलमध्ये किंवा रिकाम्या आइसबॉक्समध्ये, बर्फाशिवाय, तासभर ठेवावं. तिथेही आतलं तापमान ६० च्या खाली जाऊ देऊ नये. फॉइलमध्ये जमलेला रस फेकू नका. त्यात भाकरी बुडवून खाल्ली नाही तर दिवसाची अर्धी कमाई गेली.

मांस न खाणाऱ्यांसाठी हिरवी वांगी चिमणीच्या बाजूला तास-दीड तास ठेवावीत, त्यांचं भरीत गॅसवर भाजलेल्यापेक्षा कितीतरी खोल चवीचं होतं. पनीर आणि मक्याची कणसं अर्ध्या तासात होतात. धूर स्वच्छ असला तर जाळीच्या कोपऱ्यात वाटीभर जाडं मीठ ठेवून द्यावं, दिवसाअखेर ते डब्यात भरावं.

जागा आणि पावसाळा

स्मोकर उघड्यावरच पेटवायचा. बंद बाल्कनी, गॅरेज, जिन्याखालची जागा यांत कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वास नसतो आणि तो जीव घेतो. निखारे विझल्यासारखे दिसले तरी रात्रभर तो निघत राहू शकतो, म्हणून गरम स्मोकर घरात ओढून आणायचा नाही. सोसायटीच्या गच्चीवर पेटवणार असाल तर आधी परवानगी घ्या, शेजारी कपडे वाळत घालायच्या वेळा विचारा, खाली विटा किंवा पत्रा अंथरा, वाळूची बादली हाताशी ठेवा. कोळसा पेटतानाची पहिली वीस मिनिटं सोडली तर नीट जळणाऱ्या आगीचा शेजाऱ्यांना फारसा त्रास होत नाही. ते तक्रार करायला आले तर चिमणीकडे बघा, बहुतेक धूर पांढराच असेल.

नवा स्मोकर आला की मांस ठेवण्याआधी आतून खाद्यतेलाचा पातळ हात फिरवून दोन-तीन तास १७५ अंशांवर रिकामा जाळावा. कारखान्यातलं तेल जळून जातं आणि पत्र्यावर गंज न लागणारा थर बसतो.

जूनपासून पुण्याच्या हवेत पातळ पत्रा झपाट्याने गंजतो, आणि सर्वांत आधी सडतो तो फायरबॉक्सचा तळ. कारण राख हवेतली ओल ओढून घेते आणि ओली राख पत्र्याला चिकटून तो गंजवते. दर वेळी स्मोकर पूर्ण गार झाला की राख काढून टाका. पावसाळ्याआधी जाळ्या घासा, आत-बाहेर तेलाचा हात द्या, चिमणीवर डबा उपडा घाला. ताडपत्री जमिनीपर्यंत घट्ट बांधू नका, खालून हवा राहू द्या, नाहीतर आत घाम धरतो. सप्टेंबरअखेरीस उघडल्यावर एखादा तांबडा डाग दिसला तर तारेच्या ब्रशने घासून पुन्हा तेल लावा आणि तासभर नुसती आग चालवा.